प्रतिमा आणि तिचे माप : सूक्ष्मदर्शकीय फाइली उघडणाऱ्या प्लगइनांचा इतिहास

प्रास्ताविक

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता पहूर, वाकोद, फर्दापूर ही गावे मागे टाकीत अजिंठ्याच्या डोंगराशी येऊन पोहोचतो. ज्या वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर ही लेणी कोरली गेली, तीच नदी पुढे खानदेशात उतरते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणी पडली. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या तैलरंगातील नकला करण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हेच काम नव्याने हाती घेतले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास हा असा आगींचा इतिहास आहे.

आज त्याच भिंतींच्या आणखी एका प्रकारच्या प्रतिमा तयार होतात. गिलाव्याचा बारीकसा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून घेतलेली ही संगणकीय छायाचित्रे असतात. अशी प्रतिमा आगीत सापडली नाही, तरी दुसऱ्या मार्गाने हातची जाऊ शकते. फाइल शाबूत असते, पण ती उघडणारी प्रणाली उपलब्ध नसते. किंवा फाइल उघडते, चित्रही दिसते, परंतु चित्राचे माप हरवलेले असते. हे माप परत मिळवून देणारे प्लगइन, म्हणजे मूळ प्रणालीला बाहेरून जोडता येणारे छोटे आज्ञासंच, कसे निर्माण झाले याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

गिलाव्यातील तंतू

अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीचा गिलावा आहे. लोहयुक्त माती, वाळू, भाताचे तूस आणि वनस्पतीचे तंतू यांच्या मिश्रणाने तो तयार केलेला असून त्यावर चुन्याचा पातळ लेप आहे. मद्रासच्या शासकीय वस्तुसंग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात या चित्रतंत्राचा शास्त्रीय अभ्यास केला होता. अलीकडचे महत्त्वाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतील मॅनेजर राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचे आहे. २०१६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष असल्याचे दाखविले. या ओळखीसाठी इतर साधनांबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचाही उपयोग झाला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळत नाही, आणि वेरूळचा गिलावा तुलनेने टिकून राहण्याशी भांगेचा संबंध असावा, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भांग, ताग आणि अंबाडी या तिन्ही झाडांच्या सालीपासून वाख निघतो. दीड हजार वर्षे मातीत राहिलेला त्याचा तुकडा नुसत्या डोळ्यांनी ओळखणे दुरापास्त आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहावी लागते आणि तंतूची जाडी मोजावी लागते. जाडी मोजायची तर चित्रातील एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे ठाऊक असावे लागते. तो एक आकडा नसेल तर प्रतिमा शोभेची वस्तू ठरते; पुरावा ठरत नाही. सूक्ष्मदर्शकीय फाइलींचा सारा तंटा या आकड्याभोवती फिरत आला आहे.

टिफ आणि त्यातील खाजगी कप्पे

आल्डस या कंपनीने १९८६ मध्ये टिफ हे फाइल-स्वरूप प्रसिद्ध केले. त्याची सहावी आवृत्ती जून १९९२ मध्ये आली आणि १९९४ मध्ये आल्डस ही अडोबीत विलीन झाली. टिफची रचना खुली आहे. फाइलीच्या प्रारंभीची दोन अक्षरे बाइटांचा क्रम सांगतात आणि त्यानंतर ४२ हा खुणेचा अंक येतो. चित्राची रुंदी, उंची, रंगखोली इत्यादी माहिती क्रमांकित नोंदींत असते. ३२७६८ आणि त्यापुढील क्रमांक खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ज्याला हवे त्याने तेथे हवे ते ठेवावे; ज्याला कळत नाही त्याने ती नोंद वगळून पुढे जावे, असा हा संकेत आहे.

ही सोय उदार खरी, पण सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कंपन्यांनी तिचा उपयोग आपापल्या पद्धतीने केला. झाइसच्या एलएसएम फाइली मुळात टिफच होत. पिक्सेलचे अंतर, थर, वेळेची नोंद ही सारी माहिती मात्र ३४४१२ क्रमांकाच्या खाजगी नोंदीत असते. सामान्य चित्रदर्शक प्रणाली ही नोंद वगळते. शिवाय प्रत्येक मोठ्या चित्रामागे एक लहान नमुनाचित्र ठेवलेले असल्यामुळे अशा प्रणालीत थर उघडताना एक मोठे, एक लहान अशी विचित्र मालिका दिसू लागते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतही तोच प्रकार आहे. झाइसने ३४११८ हा क्रमांक घेतला, एफईआयने ३४६८२. बारा बिटांच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र सोळा बिटांच्या फाइलीत ठेवले, तर साध्या दर्शकात ते जवळजवळ काळे दिसते. छायाचित्रच बिघडले असे समजून कित्येक नवशिके ते टाकून देतात. दोष चित्राचा नसतो, वाचणाऱ्याचा असतो.

इतर स्वरूपे टिफपासूनही दूर होती. लाइकाची लिफ, ऑलिम्पसची ओआयबी, निकॉनची एनडीटू, झाइसचीच झेडव्हीआय : प्रत्येकीची बांधणी निराळी आणि त्या बांधणीचे पूर्ण विवरण प्रत्येक वेळी प्रसिद्ध होईलच असे नव्हते.

बायो-रॅडच्या फाइली

या सर्वांत उद्बोधक कथा बायो-रॅडच्या पीआयसी फाइलीची आहे. केंब्रिजच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत जॉन व्हाइट, ब्रॅड अमोस आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लेसर किरणाने नमुन्याचे थर टिपणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. १९८७ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला आणि बायो-रॅड कंपनीने हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या फाइलीला ७६ बाइटांचे मस्तक असे. ५४ व्या स्थानी १२३४५ हा अंक सापडला की फाइल बायो-रॅडची आहे हे ओळखावे. मस्तकानंतर चित्र, आणि चित्रानंतर फाइलीच्या अगदी शेपटाशी मजकुराच्या नोंदी. पिक्सेलचे अंतर या शेपटातील नोंदींत असे. त्यामुळे मस्तक वाचून चित्र दाखविणाऱ्या घरगुती प्रणालींना चित्र मिळे, माप मात्र शेपटातच राही.

२००४ मध्ये बायो-रॅडचा हा व्यवसाय झाइसने विकत घेतला. जुनी यंत्रे हळूहळू मोडीत निघाली, परंतु त्यांनी जमविलेल्या फाइली मागे राहिल्या. मोडी कागदपत्रांच्या दफ्तरांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही अवस्था अपरिचित वाटू नये : कागद आहे, शाई आहे, वाचणारा उरलेला नाही. एक भेद मात्र आहे. मोडी वाचणाऱ्यांची परंपरा संपण्यास काही पिढ्या लागल्या. येथे त्याला एक दशकही पुरेसे होते.

इमेजजे आणि सुट्या प्लगइनांचा काळ

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रॅसबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी एनआयएच इमेज ही प्रणाली लिहिण्यास प्रारंभ केला. १९९७ मध्ये त्यांनी जावा भाषेत तिचा नवा अवतार आणला आणि त्यास इमेजजे हे नाव मिळाले. ही प्रणाली विनामूल्य होती, तिची संहिता सर्वांसाठी खुली होती, आणि कोणत्याही संगणकावर ती चालत असे. याहून महत्त्वाचे असे की तिला प्लगइन जोडता येत. ज्याला जी फाइल अडे, तो तीपुरता वाचक लिही आणि इतरांना देई. झाइसच्या एलएसएम फाइलींसाठी स्ट्रासबर्ग येथील वनस्पती-रेणुजीवशास्त्र संस्थेत तयार झालेला एलएसएम टूलबॉक्स हे त्याचे ठळक उदाहरण होय.

सुटे प्लगइन वाढले तशी दुसरी अडचण उभी राहिली. कोणती फाइल कोणाकडे सोपवावी? ग्रेगरी जेफेरिस यांनी लिहिलेल्या एका छोट्या प्लगइनाने हे द्वारपालाचे काम केले. इमेजजेला न ओळखता आलेल्या फाइलीचे पहिले १३२ बाइट तो वाची, खुणेचे अंक तपाशी आणि योग्य वाचकाला पाचारण करी. १३२ हा आकडा सहजगत्या आलेला नाही. वैद्यकातील डायकॉम फाइलीची खूण १२८ बाइट सोडून पुढील चार बाइटांत असते. तेथवर पोहोचण्यासाठी तेवढे वाचणे भाग होते.

बायो-फॉरमॅट्स

बायो-रॅडच्या यंत्राचे एक जनक जॉन व्हाइट पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील परिसरात गेले. तेथील लोकी या प्रयोगशाळेत, केव्हिन एलिसेरी यांच्या नेतृत्वाखाली, कर्टिस रुएडन आणि मेलिसा लिंकर्ट यांनी बायो-फॉरमॅट्स ही वाचकसंहिता विकसित केली. पहिल्या कॉन्फोकल फाइली निर्माण करणाऱ्या माणसाच्या प्रयोगशाळेतच त्या फाइलींचा सार्वत्रिक वाचक जन्मास यावा, हा योग मोठा समर्पक म्हणावा लागेल.

बायो-फॉरमॅट्सने दोन गोष्टी केल्या. एक तर विखुरलेले वाचक एका छत्राखाली आणले. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी होती. जेसन स्वेडलो, इल्या गोल्डबर्ग आणि पीटर सॉर्गर यांनी सुरू केलेल्या ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंट या उपक्रमाने सूक्ष्मदर्शकीय माहितीचा एक सामाईक आराखडा तयार केला होता; २००५ मध्ये तो निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. बायो-फॉरमॅट्स प्रत्येक कंपनीच्या खाजगी नोंदींचे भाषांतर या आराखड्यात करते. एका कंपनीने मीटरमध्ये लिहिलेले, दुसरीने मायक्रॉनमध्ये लिहिलेले, तिसरीने शेपटात दडविलेले माप एकाच ठिकाणी, एकाच परिमाणात येऊन बसते. २०१० च्या त्यांच्या निबंधाचे 'मेटाडेटा मॅटर्स' हे शीर्षकच त्यांची भूमिका सांगते. २०१२ मध्ये निबंधरूपाने जाहीर झालेल्या फिजी या इमेजजेच्या सजविलेल्या आवृत्तीत बायो-फॉरमॅट्स आधीपासूनच समाविष्ट असते. ती आज दीडशेहून अधिक स्वरूपे वाचते.

हे काम बव्हंशी लिपीवाचनाच्या जातीचे आहे. विवरण उपलब्ध नसेल तेव्हा नमुना फाइली गोळा करावयाच्या, ज्या चित्राची रुंदी ठाऊक आहे त्याच्या बाइटांत ती संख्या कोठे येते हे शोधावयाचे, मग दुसऱ्या फाइलीवर पडताळावयाचे. कंपनीने नवी आवृत्ती काढली की पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ.

हे कष्ट अटळ होते काय? वैद्यकाचा दाखला पाहता तसे वाटत नाही. क्ष-किरण व तत्सम प्रतिमांसाठी अमेरिकेतील विकिरणतज्ज्ञांची संघटना आणि उत्पादकांची संघटना यांनी १९८५ मध्येच पहिले मानक प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे रूप मिळाले. एका कंपनीच्या यंत्राचे चित्र दुसरीच्या पडद्यावर दिसले नाही, तर रुग्णालयाचे काम अडते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा विखुरलेल्या आणि लहान. यंत्र घेताना भिंगाची गुणवत्ता पारखली जाई, फाइलीचा विचार कोणी करीत नसे. दोष केवळ विक्रेत्यांच्या माथी मारणे म्हणूनच न्याय्य होणार नाही.

मापरेषा

महाविद्यालयीन संशोधकाच्या दृष्टीने या इतिहासाचा व्यावहारिक भाग निराळा आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बहुधा दुसऱ्या संस्थेत असतो. नमुना तेथे पाठविला जातो आणि परत येतात त्या चित्रांच्या फाइली. जिओल कंपनीच्या यंत्रांत चित्राच्या जोडीला त्याच नावाची एक लहानशी मजकूर-फाइल असते. मापरेषेची लांबी व तिचे पिक्सेल तीत लिहिलेले असतात. चित्रे पेनड्राइव्हवर घेताना ही बिनमहत्त्वाची वाटणारी फाइल बहुधा मागे राहते. पुढे चित्र जेपेग स्वरूपात जाते, प्रबंधात चिकटविले जाते, पानात बसावे म्हणून लहान केले जाते. खाली 'पाचशेपट' असे छापलेले असले तरी त्या आकड्याला आता काही अर्थ उरलेला नसतो, कारण छपाईत चित्राचा आकार बदलला आहे.

अशा चित्रात तळाची पांढरी मापरेषा शिल्लक असेल तर इमेजजेमध्ये तिच्यावर एक रेघ ओढून तिची ज्ञात लांबी लिहिता येते आणि तंतूची जाडी पुन्हा मोजता येते. मूळ टिफ हाती असल्यास प्लगइन हेच काम अधिक अचूकपणे करते. मात्र चित्र देखणे दिसावे म्हणून तळाची पट्टी कापून टाकलेली असेल आणि मूळ फाइलही जपलेली नसेल, तर वेरूळच्या भिंतीतील तो तंतू किती जाडीचा होता हे सांगू शकणारे प्लगइन कोठेही नाही.