परसातली सदाफुली

बेळगावच्या आमच्या घरी विहिरीपासून न्हाणीपर्यंत सदाफुली पसरलेली असायची. ती कुणी मुद्दाम लावलेली नव्हती. बी पडायचं, पावसात रोपं उठायची. आई शेंडे खुडायची, म्हणजे झाड उंच न जाता आडवं फुटायचं आणि जमीन झाकायचं. मग पावसात तांबडी माती भिंतीवर उडायची नाही. शेळीसुद्धा त्या पानांना तोंड लावत नसे. चातुर्मासात आज्जी कुदळ मारू देत नसे, म्हणून न खणता उगवणारं हे झाड तिला फार आवडायचं. खुडणं मात्र आई तिची नजर चुकवून करायची.

मला वाटायचं, हे झाड आपल्या बस्तीइतकंच जुनं असणार. पण किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची. तेव्हा सदाफुली इकडे कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. तिचं माहेर मादागास्कर. अठराव्या शतकात पॅरिसच्या राजबागेतून तिचं बी लंडनजवळच्या चेल्सीच्या औषधी बागेत गेलं. 1759 मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं. पुढे उष्ण देशांत ती बागेतून कुंपणाबाहेर पडली. आपल्याकडे कुणी तिला सदाफुली म्हटलं, कुणी सदाबहार, बंगालीत ती नयनतारा झाली, तमिळमध्ये नित्यकल्याणी. नाव मिळालं की परकंही घरचं होतं. कोण इथलं, कोण बाहेरचं, हा वाद आम्हा सीमेवरच्यांना नवा नाही. सदाफुलीला मात्र तो कुणी विचारला नाही.

घर नवं करताना परसात फरशी घालायचं ठरलं. "हे रान काढून टाका," असं मीच गवंड्याला सांगितलं. दोन वर्षांनी बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला. सलाईनमधून व्हिन्क्रिस्टिन जायचं. डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्या सदाफुलीतलंच."

मग मी वाचलं. 1952 मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्या हाती जमैकाहून आलेली पंचवीस पानं पडली. तिकडे मधुमेहावर त्यांचा काढा घेत. उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. चार्ल्स बिअर यांच्यासोबत त्यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं. 1958 मध्ये ते जाहीर झालं. 1963 मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनला मान्यता मिळाली.

हे ऐकून एक मावशी पानांचा काढा घेऊनच आल्या. डॉक्टरांनी हात जोडून नको म्हटलं. तोलून दिलं तर औषध, घरी उकळलं तर विष.

पोरगा आता कॉलेजात जातो. आम्ही विहिरीजवळच्या दोन ओळी फरशा उचलल्या आणि शेजारणीकडून बी आणून टाकलं. शेंडे मी खुडते. चातुर्मासात मात्र नाही.