नगरचे बंदर

शाळेत इतिहास शिकवीत असताना एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारीत असे : “गुरुजी, आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, मग निजामशाहीचे बंदर कोठले?” प्रश्न बाळबोध खरा, परंतु त्याचे उत्तर आपल्या साळी ज्ञातीच्या घरातील मागापर्यंत येऊन पोहोचते, म्हणून या स्मरणिकेत ते थोडे विस्ताराने देतो.

समुद्राशी या जिल्ह्याचा संबंध निजामशाहीहूनही फार जुना आहे. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली नेवासे येथे प्रवरातीरी उत्खनन झाले, तेव्हा रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला माल घाट चढून आपल्या प्रवरेपर्यंत येत होता, याचा हा पुरावाच होय. त्याच जागी त्याहून प्राचीन अशा ताम्रपाषाणयुगीन थरात तांब्याच्या मण्यांच्या माळेत कापूस व रेशीम यांचा धागा आढळला. विषयाला सोडून असले, तरी विणकराच्या लेखणीला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

निजामशाहीचे बंदर म्हणजे कुलाबा (रायगड) जिल्ह्यातील चौल. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन तेथे उतरला व घाट ओलांडून जुन्नरास आला. तेथील खानाने तो घोडा हिरावून घेतला व पुढे मोठ्या मिनतवारीने परत दिला. एका घोड्यासाठी एवढी यातायात! दख्खनच्या सैन्याला लागणारी उमदी जनावरे अरबस्तान-इराणातून समुद्रमार्गेच येत असत, हे लक्षात घेतले म्हणजे चौलचे मोल कळते. चौलहून सुती व रेशमी वस्त्रे बाहेर जात, आणि घोडे आत येत.

१४९० मध्ये मलिक अहमद स्वतंत्र झाला. त्याचा पुत्र बुऱ्हाण निजामशहा याने १५२१ मध्ये पोर्तुगीजांना चौलच्या खाडीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधू दिला. विजापूरशी वैर होते, घोडे हवे होते; सौदा किफायतीचा वाटला असावा. परंतु वरचे चौल शहर निजामशहाचे आणि खालचा दरवाजा फिरंग्यांचा, अशी स्थिती झाली. फिरंग्यांच्या परवान्यावाचून जहाज हाकारणे धोक्याचे झाले. माल आमचा, किल्ली त्यांची.

ही चूक मूर्तजा निजामशहाने ओळखली. १५७० च्या अखेरीस त्याच्या सैन्याने चौलला वेढा घातला. विजापूरकरांनी त्याच वेळी गोवे वेढले होते. कित्येक महिने तोफा चालल्या, पण १५७१ च्या पावसाळ्यात तह करून परतावे लागले. फरिश्ता हा इतिहासकार नगरच्या दरबारी नोकरीस होता. तो लिहितो की, निजामशाही सरदारांनाच फिरंग्यांनी लाच दिली, विशेषतः मद्याची, आणि त्यांनी रात्री शत्रूला रसद पुरविली! पुढे १५९४ मध्ये कोरलईचा डोंगरही गेला. रेवदंडा मराठ्यांच्या हाती आला तो १७४० मध्ये. पण तोवर मुंबई डोके वर काढू लागली होती, आणि चौलचा व्यापार ओसरला होता.

मुंबई बंदराची शाखा आपल्या दारापर्यंत आली ती १८७८ मध्ये, दौंड-मनमाड लोहमार्गाने. नगर, भिंगार, संगमनेर येथील मागांवर गिरणीचे सूत चढले. सूतकताई करणाऱ्या हातांचा रोजगार बुडाला. मागवाला मात्र स्वस्त सुतामुळे काही काळ तगला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे गिरणीचे कापडच आले. आमच्या घरी आजोबांनी विलायती सुताच्या पुडक्यांवरची रंगीत चित्रे जपून ठेवली होती. लहानपणी ती मला देवादिकांच्या तसबिरींइतकीच सुंदर वाटत. ती कशाची खूण होती, हे पुष्कळ उशिरा उमगले.

२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आपल्यापैकी जी कुटुंबे माग सोडून शेतीकडे वळली, त्यांचा कांदा व डाळिंब तिकडूनच परदेशी जातो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली व ती मे २०२४ मध्ये उठली. त्या पाच महिन्यांत घोडेगावच्या बाजारात उभ्या असलेल्यांना चौलचा इतिहास वेगळा शिकवावा लागला नसता.

आता जिल्ह्याला स्वतःचे विमानबंदरही लाभले आहे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. धावपट्टी अडीच हजार मीटरची आहे. साईबाबांच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक तेथे उतरतात व हॉटेले, वाहने, फुलवाले यांना काम मिळते. मागे मी ते पाहावयास गेलो होतो. उतरणाऱ्यांच्या हाती प्रसादासाठी रिकाम्या पिशव्या होत्या. परतणाऱ्यांच्या सामानात मात्र मी नगरी लुगड्याची घडी कोठे दिसते का, ते बराच वेळ पाहत राहिलो.