चाकाची चाकोरी

संस्कृत ‘चक्र’, प्राकृत ‘चक्क’, मराठी ‘चाक’. शब्द फिरत फिरत गुळगुळीत झाला, एवढेच. ग्रीकमधला ‘कुक्लोस’ही याच कुळातला. त्यापासून सायकल आली, म्हणजे चाक आणि सायकल ही दूरची भावंडे. फारसीतला ‘चर्ख’ही नात्यातलाच, त्याच्यामुळे आपल्याकडे चरखा आला.

कुंभाराचे तेही चाकच. दैमाबाद या प्राचीन स्थळी १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या रथाची चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. अशोकचक्राला मात्र २४ आरे. बुद्धाच्या पहिल्या उपदेशाला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात, ते मला फार समर्पक वाटते: विचाराला एकदा गती दिली की तो पुढे जात राहतो.

पण माझा जीव जडला आहे तो ‘चाकोरी’वर. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवत, वर पाणी ओतत. धाव आकसून लाकडाला घट्ट आवळून बसे. ती धाव वर्षानुवर्षे मातीत रुतून जी खोल वाट पडे, ती चाकोरी. आज आपण हा शब्द कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. अंधारात, गाडीवान पेंगत असताना, बैल त्याच वाटेने गाडी घरी आणत.