पटांगणातून घराकडे

मुसीकाठच्या अफझलगंजात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांना कबड्डी आपल्या मातीतली वाटते. परंतु परक्या देशात शिरण्यासाठी तिथलाच खेळ हाती घ्यावा, हे जागतिक प्रक्षेपण कंपन्यांनी कधीच ओळखले होते.

१९९३ साली रुपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने ‘स्टार’वर ताबा मिळविला. क्रिकेट-प्रक्षेपणाच्या वादात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी सार्वजनिक संपत्ती ठरविल्या. पुढे २०१४ पासून प्रो कबड्डी दाखविणाऱ्या स्टारने २०१५ मध्ये संयोजक मशाल स्पोर्ट्सचे ७४ टक्के भाग घेतले. २०१७ चा हंगाम आमच्याच गच्चीबावलीत सुरू झाला. २०१९ मध्ये स्टार डिस्नेकडे गेली.

खेळाडूंना पैसा व प्रतिष्ठा लाभली, हे निर्विवाद. मात्र लहरी जनतेच्या असूनही खेळ आणि त्याचे प्रक्षेपण एकाच हाती गेले, याची नोंद आम्हांस आवश्यक वाटते.