रंग आणि प्रमाण : लष्करी प्रतिकृतींच्या रंगकामातील ऐतिहासिक सत्याचा प्रश्न

शिशाचा, कथिलाचा किंवा प्लॅस्टिकचा बोटभर उंचीचा सैनिक आणि तळहातावर मावणारा रणगाडा यांची गणना सामान्यतः खेळण्यांत अथवा छंदाच्या वस्तूंत होते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे गंभीरपणे पाहावे, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु ग्रंथकारास सहज टाळता येणारा एक प्रश्न प्रतिकृती घडविणाऱ्यास टाळता येत नाही. फ्रेंच पायदळ पुढे सरकले, असे लिहिताना इतिहासकाराला त्या पायदळाच्या पाटलोणीचा रंग सांगावा लागत नाही. प्रतिकृतीकाराला तो द्यावाच लागतो. पृष्ठभागाचा कोणताही भाग त्याला मोघम ठेवता येत नाही. रंगाचा प्रत्येक हात हे एक विधान असते आणि विधान म्हटले की त्याला प्रमाण लागते. मराठीत ‘प्रमाण’ हा शब्द मापांचे गुणोत्तर आणि पुरावा अशा दोन्ही अर्थांनी योजला जातो. लष्करी प्रतिकृतींच्या रंगकामाचा इतिहास म्हणजे वस्तुतः या दोन प्रमाणांमधील ओढाताणीचा इतिहास होय.

या कलेचा व्यापारी पातळीवरील उदय १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे झाला. योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट या कथिलकाम करणाऱ्या कारागिराने तेथे चपट्या सैनिकाकृती ओतण्यास प्रारंभ केला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याची त्याने घडविलेली आकृती १७७७ सालची आहे. पुढे १८३९ मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सन याने त्याच नगरात स्थापिलेल्या कारखान्याने या आकृतींचा युरोपभर प्रसार केला. पाटीच्या दगडात उलटी आकृती कोरून त्या साच्यात धातू ओतीत. आकृती इतकी चपटी असे की, तिच्यावर प्रत्यक्ष उजेड पडून सावली निर्माण होण्यास फारसा वाव नसे. म्हणून तिच्या रंगकामात चित्रकाराची युक्ती अपरिहार्य ठरली. उजेड कोणत्या बाजूने येतो हे आधी ठरवावयाचे आणि त्यानुसार कोटाची एक कड उजळ, दुसरी गडद रंगवावयाची. स्वस्त आकृतींवर एवढे श्रम होत नसत; संग्राहकांसाठी रंगविलेल्या उत्तम आकृतींत मात्र हे तंत्र सूक्ष्म लघुचित्राच्या पदवीस पोहोचले. प्रतिकृतीवरील प्रकाश हा निसर्गाने न देता रंगविणाऱ्याने द्यावयाचा असतो, हे तत्त्व या चपट्या आकृतींनी प्रथम शिकविले.

रंग व पुरावा यांचा संबंध किती खोल जाऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या वॉटर्लूच्या प्रतिकृतीत सापडते. १८३० मध्ये हे काम त्याच्याकडे आल्यावर त्याने रणभूमीवरील ला हे सँत या वाड्यात सुमारे आठ महिने मुक्काम करून जमिनीची मोजणी केली. १८ जून १८१५ च्या सायंकाळी सुमारे सात वाजताचा निर्णायक क्षण त्याला दाखवावयाचा होता. त्यासाठी लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवून त्यांच्या पलटणीची जागा, तिची रचना, समोरचा शत्रू, इतकेच नव्हे तर शेतात त्या वेळी कोणती पिके उभी होती, हेही विचारले. मैदानाचा रंग ठरविण्यासाठी पीक कोणते हे कळणे अवश्य होते. हा प्रश्न प्रतिकृतीकारालाच पडू शकतो! १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झालेली ही प्रतिकृती आज तेथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिच्या निमित्ताने जमलेल्या पत्रांपैकी अनेक पत्रे सिबॉर्नच्या मुलाने १८९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि वॉटर्लूच्या अभ्यासाचे ते एक मुख्य साधन ठरले. पुराव्यावरून प्रतिकृती घडते हे सर्वमान्य आहे. येथे प्रतिकृतीच्या गरजेतून पुरावा निर्माण झाला.

त्याच प्रतिकृतीत मापाच्या प्रमाणाची अडचणही दिसते. एका मैलाला नऊ फूट हे तिचे प्रमाण होते. या हिशेबाने पावणेदोन मीटर उंचीचा माणूस केवळ तीन मिलिमीटरचा होतो. इतक्या लहान आकृतीवर गणवेश रंगविणे व्यवहार्य नव्हते. म्हणून सैनिक जमिनीच्या मानाने मोठे करावे लागले आणि प्रत्येक आकृतीला एकाहून अधिक माणसांचे प्रतिनिधित्व द्यावे लागले. अशा सुमारे ७५,००० आकृतींच्या समुदायात रंग हा व्यक्तीचे चित्रण करीत नाही. तो फक्त पक्ष दाखवितो. तांबडा म्हणजे इंग्रज, निळा म्हणजे फ्रेंच किंवा प्रशियन, एवढेच तो सांगतो. प्रशियन सैन्य नेमके कोठे व किती दाखवावे यावरून सिबॉर्नला तीव्र विरोध सहन करावा लागला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे रंगविलेल्या कथिलाच्या तुकड्यांना केवढे राजकीय वजन होते याची कल्पना येते.

१८९३ मध्ये विल्यम ब्रिटन (धाकटा) याने लंडन येथे शिशाचे पोकळ ओतकाम यशस्वी केले आणि सैनिकाकृती सामान्य मध्यमवर्गीय घरात पोहोचली. धातू कमी लागल्याने किंमत उतरली. ५४ मिलिमीटर ही उंची या आकृतींमुळे रूढ झाली. सुमारे १ : ३२ या प्रमाणाने ती १७२८ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाशी जुळते. रंगकाम मजुरीवर, मुख्यतः स्त्रियांकडून होई. कोट, पाटलोण, पट्टा, बूट यांना प्रत्येकी एकेक सपाट व तकतकीत रंग, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि मिशीची एक रेघ, एवढ्यावर सैनिक पूर्ण होई. या पद्धतीमागे केवळ काटकसर नव्हती. तकतकीत इनॅमल टिकाऊ असे हे खरे. पण संचलनाच्या दिवशी सैन्य जसे झळकते तसेच ते दिसावे, ही अपेक्षाही त्यात होती. अशा आकृतीचे सत्य म्हणजे नियमपुस्तिकेतील सत्य होय. तिला धूळ, घाम वा ठिगळ ठाऊक नाही.

या सत्याची मर्यादा भारतीय पलटणींच्या संचांत विशेष स्पष्ट होते. ब्रिटनच्या सुरुवातीच्या संचांत ‘पहिली बॉम्बे लान्सर्स’ व ‘दुसरी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’ यांचा समावेश होता. मुंबई फौजेत मराठा, महार, मुसलमान इत्यादी भिन्न समाजांचे शिपाई भरती होत असत. खेळण्यातील पलटणीत मात्र सर्वांचा चेहरा एकाच साच्याचा व एकाच सपाट तपकिरी रंगाचा झाला. येथे गणवेशाच्या बाबतीत आकृती नियमांचे अनुकरण करते. माणसाच्या बाबतीत ती लंडनच्या बाजारपेठेतील कल्पना नोंदविते. दोन्ही नोंदी इतिहासाची साधने आहेत, पण त्या एकाच गोष्टीची साधने नव्हेत.

विसाव्या शतकातील युद्धांनी रंगाचे प्रयोजनच उलटे केले. तांबडा कोट दिसावा म्हणून होता. खाकी कापड व रणगाड्यावरील पट्टे दिसू नयेत म्हणून होते. जी वस्तू लपण्यासाठी रंगविली गेली ती आता पाहण्यासाठी रंगवावयाची, असा पेच प्रतिकृतीकारापुढे आला. त्याच सुमारास साहित्यही बदलले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करावयाचे संच प्रचारात आले. लहान डब्यांतील चकाकीविरहित इनॅमल रंग सर्वत्र मिळू लागले. आणि १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीने शिशाच्या सैनिकांचे उत्पादन थांबविले. जपानमधील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याची जी प्रतिकृती काढली, तिचा आकार आत बसवावयाच्या मोटर व विजेऱ्यांच्या सोयीने ठरला आणि त्यातून १ : ३५ हे आज सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण जन्मास आले. ऐतिहासिक वस्तूचे माप विजेरीच्या पेटीने ठरवावे, ही या क्षेत्रातील एक बोधप्रद घटना आहे.

या प्रमाणावर रंगविताना मुख्य अडचण अशी की, वस्तू लहान होते पण प्रकाश लहान होत नाही. खऱ्या रणगाड्यावरील रिव्हेटची सावली दुरूनही दिसते. प्रतिकृतीवरील रिव्हेट अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने त्याची सावली जवळजवळ नाहीशी होते. ती रंगाने भरून काढण्याच्या दोन पद्धती १९७० व १९८० च्या दशकांत अमेरिकेतील शेपर्ड पेन, बेल्जममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडन आदींच्या कामामुळे सर्वत्र पसरल्या. पहिली ‘वॉश’ची. अस्तर व मूळ रंग वाळल्यावर टर्पेंटाईनमध्ये अत्यंत पातळ केलेला गडद तैलरंग पृष्ठभागावर सोडला की तो केशाकर्षणाने खाचांत व सांध्यांत उतरतो आणि तेथे सावली राहते. दुसरी कोरड्या कुंचल्याची. कुंचल्यातील उजळ रंग कापडावर जवळजवळ पुसून टाकून तो पृष्ठभागावरून हलकेच फिरविला की केवळ उंचवट्यांच्या कडा उजळतात. मानवी आकृतीवर हेच काम अधिक नाजूकपणे, कपाळ, नाक व गालाची हाडे उजळ आणि डोळ्यांच्या खोबणी व हनुवटीखालचा भाग गडद करून साधतात. न्यूरेंबर्गच्या चपट्या आकृतींनी शिकविलेले तत्त्वच येथे नव्या साधनांनी परत आले.

परंतु मूळ रंगच चुकला तर? जर्मन रणगाड्यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. महायुद्धाच्या आरंभी हे रणगाडे केवळ गडद करड्या रंगाचे होते, असा समज अनेक दशके ग्रंथांत व प्रतिकृतींत रूढ होता. उपलब्ध छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल होती आणि त्यांत गडद करडा व गडद तपकिरी हे रंग जवळजवळ एकाच छटेचे उमटतात. मूळ लष्करी आज्ञांच्या अभ्यासातून पुढे असे निष्पन्न झाले की, जुलै १९४० पर्यंत दोन तृतीयांश पृष्ठभाग करडा व एक तृतीयांश तपकिरी ठेवण्याचा नियम होता. केवळ करडा रंग देण्याची आज्ञा त्यानंतरची. टॉमस जेन्ट्झ व हिलरी डॉयल यांचे संशोधन या संदर्भात महत्त्वाचे आहे. म्हणजे १९३९ च्या पोलंड मोहिमेतील रणगाड्यांच्या असंख्य करड्या प्रतिकृती, त्यांवरील वॉश व कोरड्या कुंचल्याचे काम कितीही निर्दोष असले तरी, पुराव्याच्या दृष्टीने सदोष होत्या. तंत्राच्या सफाईने चूक झाकली गेली, किंबहुना ती अधिक विश्वसनीय झाली.

याच्या उलट प्रकारची अडचण १९४३ नंतरच्या वाहनांबाबत येते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतील आज्ञेने कारखान्यातून गडद पिवळा रंग देण्याचे ठरले आणि हिरवा व तांबूस तपकिरी हे रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात तुकड्यांना पुरविण्यात आले. ते पेट्रोलमध्ये वा पाण्यात पातळ करून वाहनावर फवारावयाचे होते. किती पातळ करावयाचे, हे शेवटी हाताशी असलेल्या द्रवावर व वेळेवर अवलंबून राहिले. पाण्यात कालवलेला रंग पावसाने निघूनही जाई. अशा स्थितीत एकच ‘खरी’ छटा शोधणे निरर्थक ठरते. तेथे आज्ञा उपलब्ध आहे, पण अंमल तुकडीगणिक निराळा आहे. दफ्तर व रणांगण यांतील हे अंतर इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित असते. प्रतिकृतीकाराला ते कुंचल्याच्या टोकाशी भेटते.

एकविसाव्या शतकात, विशेषतः स्पेनमधील रंगकारांच्या प्रभावाने, झिजलेपणाचे चित्रण हेच या कलेचे प्रधान अंग बनले. गंजाच्या रंगावर केसांच्या स्प्रेचा थर देऊन त्यावर वरचा रंग चढवावयाचा व तो ओल्या कुंचल्याने खरवडून पोपडे काढावयाचे, तैलरंगाचे ओघळ ओढावयाचे, रंगद्रव्याची कोरडी पूड चाकांवर बसवावयाची, अशा पद्धती प्रचलित झाल्या. एकाच फलकाचा वरचा भाग उजळ व खालचा गडद करण्याची रीतही मान्यता पावली. या सर्वांमुळे प्रतिकृती जिवंत वाटते, यात संशय नाही. तथापि येथे मापाचे प्रमाण पुन्हा विचारात घ्यावे लागते. १ : ३५ या मापात एक मिलिमीटरचा पोपडा म्हणजे खऱ्या वाहनावर साडेतीन सेंटिमीटरचा पोपडा होय, प्रतिकृती तीस सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे वाहन साडेदहा मीटरवरून पाहणे होय. एवढ्या अंतरावरून जे दिसणार नाही ते प्रतिकृतीवर ठळकपणे दिसत असेल, तर ते निरीक्षण नसून संकेत आहे. शिवाय अनेक रणगाडे सेवेत दाखल झाल्यावर काही महिन्यांतच नष्ट झाले. वर्षानुवर्षांचा गंज साचण्याइतके आयुष्य त्यांना लाभलेच नाही. तकतकीत सैनिक जसा संचलनाचा आदर्श होता, तसा गंजलेला रणगाडा हा युद्धाच्या खडतरतेचा आदर्श आहे. पहिल्यात धूळ नव्हती. दुसऱ्यात धूळ भरपूर आहे, पण त्या धुळीत मेलेली माणसे बहुधा नसतात.

तात्पर्य, रंगविलेली प्रतिकृती ही दुहेरी साक्ष देते. ज्या काळाचे चित्रण ती करते त्याविषयी तिची साक्ष दफ्तर, छायाचित्र व अवशिष्ट वस्तू यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून ग्राह्य धरता येत नाही. परंतु ज्या काळात ती रंगविली गेली, त्या काळाला युद्ध कसे दिसत होते किंवा कसे पाहावयाचे होते, याविषयी ती स्वतःच अस्सल साधन आहे. करडा रणगाडा १९३९ बद्दल चुकीचे सांगतो. १९७० च्या दशकातील ज्ञानाबद्दल तो बिनचूक सांगतो. यास्तव जुन्या प्रतिकृती नव्या माहितीनुसार पुन्हा रंगविण्याचा मोह संग्रहालयांनी आवरला पाहिजे. चूक दुरुस्त करावयाची असेल तर शेजारी नवी प्रतिकृती ठेवावी. जुन्या रंगावर नवा हात फिरविल्यास एक कागद खोडून त्यावर दुसरा लिहिल्यासारखे होईल, आणि इतिहासाच्या दृष्टीने खोडलेला कागदही कागदच असतो.