खोगिराचा काळा रंग येतो कुठून?

जुनं खोगीर घरच्या घरी गडद करायचा एक जुना उपाय आहे. लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवायचे आणि ते पाणी कातड्याला फासायचं. पाणी फिकट, तरी कातडं बघता बघता काळं पडतं! कारण हा रंग वरून चढवलेला नसतो. झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्यातलं टॅनिन आणि लोह मिळून तो तिथेच तयार होतो. मायफळ-हिराकसाची शाई याच रसायनाची. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने अशाच एका क्षाराचं लॅटिन नाव नोंदवलंय, त्याचा अर्थच 'जोडे करणाऱ्यांचा काळा'.

आता संग्रहालयातलं काळं खोगीर तुमच्यासमोर आलं, तर? कृत्रिम रंग १८५६ नंतरचे, म्हणून 'काळं म्हणजे त्यानंतरचंच' असं लिहून मोकळे होऊ नका. आधी लोह तपासा. ते सापडलं तर रंगावरून काळ ठरवता येणार नाही. शिवाय उरलेलं लोह आणि आम्ल कातडं हळूहळू ठिसूळ करतात. तेव्हा तुटलेला तंग पाहून 'फार वापरलेलं' असाही निष्कर्ष घाईचाच. आणि हो, मोजमाप बकलाजवळ घेऊ नका, तिथे लोह मिळणारच.