मवाळपणाची किंमत : ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या सापसुरळ्या आणि माणूस

इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज सापसुरळी, आणि तीही ऑस्ट्रेलियातली, हे ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण माणूस एकाच प्राण्याला आधी किळसवाणा म्हणतो, मग बाटलीतला नमुना करतो, मग बागेतला शेजारी मानतो, मग घरात लाडानं पाळतो आणि शेवटी त्याचा चोरीचा माल करतो. हा सगळा प्रवास लिखित नोंदींतून बघायचा असेल, तर हे उदाहरण फार चांगलं आहे. आजचं माझं म्हणणं थोडक्यात असं : ज्या गुणांमुळे हा प्राणी पाळायला सोपा वाटतो, नेमक्या त्याच गुणांमुळे तो चोरायला सोपा आहे, आणि एकदा कमी झाला की भरून यायला अवघड आहे.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. आपल्याकडची सापसुरळी तुम्ही पाहिली असेल. तुकतुकीत अंग, आखूड पाय, वाळक्या पानांतून सळसळ करत जाणारी. तिला सापाची मावशी म्हणतात आणि ती विषारी असते असा आपल्याकडे पक्का समज आहे. ती विषारी नाही. आता हाच प्राणी डोळ्यांसमोर आणा आणि त्याला पार दोन फुटांपर्यंत वाढवा. अंग मनगटाएवढं जाड, डोकं त्रिकोणी, चाल संथ, आणि तोंड उघडलं की आत चक्क निळी जीभ. ही ऑस्ट्रेलियातली 'ब्लू-टंग', म्हणजे निळ्या जिभेची सापसुरळी. तिचीच चुलत बहीण 'शिंगलबॅक'. हिच्या अंगावर पाइनच्या शंकूसारखे जाड, खडबडीत खवले, आणि शेपूट इतकं आखूड आणि बोथट की पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं, पटकन कळत नाही. त्या शेपटात चरबी साठवलेली असते. दुष्काळात ती कामी येते. या दोघी 'टिलिक्वा' या एकाच प्रजातीतल्या.

आता इतिहासाकडे येऊ. १६९९ च्या ऑगस्टमध्ये विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी 'रोबक' जहाज घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे पोहोचला. कूकच्या आधी सत्तर वर्षं, हे लक्षात घ्या. १७०३ मध्ये छापून आलेल्या प्रवासवर्णनात त्यानं तिथल्या एका विचित्र सरड्याबद्दल लिहिलंय. शेपटाच्या जागी दुसरं डोकं असावं असं दिसतं, पण त्याला ना तोंड ना डोळे, असं तो नोंदवतो. ही शिंगलबॅकच. पुढे तो म्हणतो, त्याचा मथितार्थ सांगतो : मी साप खाल्लेत, मगरी खाल्ल्यात, पण हा प्राणी दिसायला आणि वासाला इतका ओंगळ आहे की भूक लागली तरी खाववणार नाही. युरोपीय माणसाची या प्राण्याशी झालेली पहिली लिखित भेट ही अशी.

अर्थात डॅम्पियरच्या आधी तिथे माणसं नव्हती असं नाही. हजारो वर्षं होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले नूंगार लोक या प्राण्याला 'यूर्न' म्हणतात. मूळ रहिवाशांसाठी असे सरडे हे अन्न होतं. कुठे सापडतात, कधी लठ्ठ असतात, हे त्यांना ठाऊक होतं. डॅम्पियरला जे ओंगळ वाटलं, ते कुणाच्या तरी रोजच्या जगण्याचा भाग होतं.

पुढचा टप्पा बाटलीतल्या नमुन्याचा. १७८८ मध्ये सिडनीला कैद्यांची वसाहत बसली. तिच्या पहिल्या ताफ्यात जॉन व्हाइट नावाचा मुख्य शल्यवैद्य होता. त्याचं पुस्तक १७९० मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं आणि त्यातच पूर्वेकडच्या ब्लू-टंगला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं. १८२५ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी 'टिलिक्वा' हे प्रजातीचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी शिंगलबॅकचंही नामकरण केलं. म्हणजे बघा, डॅम्पियरनं वर्णन करून सव्वाशे वर्षं झाल्यावर तिला शास्त्रात नाव मिळालं. तोवर ती नुसती एक गंमत होती.

तिसरा टप्पा मला सगळ्यात रंजक वाटतो, तो बागेतल्या शेजाऱ्याचा. वसाहतीबरोबर युरोपातली भाजी आली, फुलझाडं आली आणि त्यांच्याबरोबर बागेतल्या गोगलगायीही आल्या. ब्लू-टंगचे जबडे मजबूत, दात बोथट. शंख फोडून खायला अगदी सोयीचे. शहर वाढलं की वन्य प्राणी हटतात असा आपला अनुभव असतो. इथे उलट झालं. सिडनीच्या उपनगरांत परसदारी, लाकडांच्या ढिगाखाली, कुंपणाच्या कडेला ही सापसुरळी टिकून राहिली. कोएनिग, शाइन आणि शी या संशोधकांनी २००१-०२ च्या सुमारास तिचा नीट अभ्यास केला. शहरात ती जगते, पण कुत्रे, मांजरं आणि मोटारी यांची मोठी किंमत मोजून जगते, हे त्यातून दिसतं. शिवाय गोगलगायी मारायला लोक विषारी गोळ्या टाकतात, आणि विषानं मेलेली गोगलगाय ही खाते. जी फुकट काम करत होती, तिलाच आपण विष घातलं.

बागेतून घरात यायला फार वेळ लागत नाही. ऑस्ट्रेलियात मुलांनी ब्लू-टंग उचलून घरी आणणं हे एकेकाळी आपल्याकडे पोपट पाळण्याइतकं सर्रास होतं. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायदे आले. न्यू साउथ वेल्समध्ये १९७४ चा राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव कायदा, व्हिक्टोरियात १९७५ चा वन्यजीव कायदा. राज्याराज्यात नियम वेगळे, पण साधारण धोरण असं की पाळायची तर पाळा, मात्र परवाना लागेल तिथे तो घ्या, आणि प्राणी बंदिस्त पैदाशीतला असू द्या, रानातून उचललेला नको. आपल्याकडे देशी वन्य प्राणी पाळायला बंदी असते. त्यांनी बंदीऐवजी नोंदीचा मार्ग धरला.

आता पाळतात म्हणजे काय करतात, हेही सांगायला हवं, कारण इथेच बरेच गैरसमज आहेत. हा थंड रक्ताचा प्राणी. पेटीच्या एका टोकाला ऊन शेकायला पस्तीस अंशांच्या आसपास उष्णता आणि दुसरं टोक गार, असं दोन्ही हवं. आपली उष्णता तो जागा बदलून सांभाळतो. सोबत अतिनील किरण देणारा दिवा आणि आहारात कॅल्शियम. हे नसेल तर हाडं मऊ पडतात आणि वाकतात. खाणं मिश्र : पालेभाज्या, किडे, गोगलगायी, थोडं मांस. फळ बेतानंच. आणि आयुष्य? चांगली निगा राखली तर वीस वर्षांहून जास्त. पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला प्राणी त्याच्या लग्नापर्यंत घरात असतो म्हणा ना.

हाताळायचं कसं? वरून झडप घालायची नाही. वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी, एवढं तिला जन्मतः कळतं. बाजूनं सावकाश हात न्यायचा, पोटाखाली घालायचा, आणि पूर्ण अंगाला, चारही पायांना आधार द्यायचा. शेपटाला धरून उचलायचं नाही. चावली तर विष नाही, पण जबडा लवकर सोडत नाही. नंतर हात साबणानं धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो.

आणि ती निळी जीभ. समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरतात : सापसुरळी जीभ बाहेर काढते आणि खाली लोक लिहितात, किती गोड! २०१८ मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या मार्टिन व्हाइटिंग आणि सहकाऱ्यांनी यावर संशोधन प्रसिद्ध केलं. जिभेचा मागचा भाग अतिनील प्रकाशात जास्त झळाळतो, आणि शिकारी अगदी अंगावर आला की ही सापसुरळी पूर्ण जीभ पसरून तो भाग एकदम उघड करते. शिकाऱ्याला दचकवायचं, हा उद्देश. म्हणजे ती पूर्ण पसरलेली जीभ बहुतेक वेळा लाडिकपणा नसते, तो शेवटचा बचाव असतो. घाबरलेल्या प्राण्याला आपण गोड म्हणतोय.

आता येतं १९८२ हे वर्ष. या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं वन्यजीवांच्या निर्यात-आयातीचं नियमन करणारा कायदा केला. देशी सरपटणारे प्राणी व्यापारासाठी जिवंत बाहेर पाठवायचे दरवाजे त्यानं बंद केले. आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट मेरीजवळ फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मायकेल बुल यांनी शिंगलबॅकचा अभ्यास सुरू केला. मुळात ते गोचिडांचा अभ्यास करायला गेले होते. गोचीड मोजण्यासाठी त्यांनी सापसुरळ्यांना खुणा केल्या, आणि दर वसंतात तोच नर त्याच मादीबरोबर दिसू लागला. वर्षातले बाकी महिने वेगवेगळे, वसंत आला की पुन्हा तीच जोडी. काही जोड्या वीस वर्षांहून अधिक टिकल्या. जोडीदार मेला तर दुसरा त्याच्याजवळ रेंगाळताना त्यांना आढळला. २०१६ मध्ये बुल गेले, तोपर्यंत हे काम चालू होतं.

याला दुसरी बाजू जोडून बघा. शिंगलबॅक अंडी घालत नाही; पिल्लांना जन्म देते, एका वेळी एक ते तीन. पण ती पिल्लं मोठी असतात, आईच्या मानानं खूपच मोठी. म्हणजे कमी पिल्लं, लांब आयुष्य, ठरलेला जोडीदार, ठरलेला परिसर. अशा प्राण्यातली एक प्रौढ मादी रस्त्याच्या कडेनं उचलली, तर नुसता एक प्राणी कमी होत नाही. पुढच्या कितीतरी वर्षांची पिल्लं जातात, आणि एक नर वसंतात तिला शोधत फिरतो.

आणि उचलणं सोपं आहे! ती पळत नाही, शेपूट टाकून निसटत नाही, हातात शांत बसते. डबाबंद पार्सलात कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून तग धरते. तस्करांना याहून काय हवं? चिकटपट्टीनं गुंडाळून, मोज्यात घालून, खेळण्यांच्या खोक्यात लपवून टपालानं पाठवतात. पोहोचेपर्यंत काही मरतात. त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. २०२४ च्या जानेवारीत न्यू साउथ वेल्स पोलिसांनी अशी एक टोळी पकडल्याचं जाहीर केलं. तपासात २५७ सरडे हाती लागले, आणि माल हाँगकाँगला जायचा होता. ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या पर्यावरण कायद्याखाली या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियानं ब्लू-टंग आणि शिंगलबॅकसह आपले अनेक सरपटणारे प्राणी 'साइट्स' कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातले, म्हणजे इतर देशांनीही सीमेवर कागद तपासावेत.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो : पकडलेले प्राणी परत रानात सोडा, झालं. तसं होत नाही. तो नेमका कुठल्या झुडपाखालचा, हे कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय रोग आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिंगलबॅकना श्वसनाचा एक आजार अनेक वर्षं दिसत होता. २०१६ मध्ये त्याच्याशी निगडित असा नवा विषाणू शास्त्रज्ञांनी नोंदवला. खोक्यात दाटीवाटीनं भरलेला प्राणी परत सोडणं म्हणजे निरोगी जागी रोग नेऊन टाकणंही ठरू शकतं.

मग कोणीच पाळू नये का? मी तसं म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाबाहेर कित्येक पिढ्या बंदिस्त पैदास झालेल्या ब्लू-टंग आहेत, आणि याच प्रजातीतल्या इंडोनेशियातल्या जातीही बाजारात येतात. पण शिंगलबॅकला पिल्लं कमी, पैदास संथ, म्हणून स्वस्तात आणि झटपट मिळणारी शिंगलबॅक दिसली की शंका घ्यायलाच हवी. आपल्याकडेही परदेशी प्राणी पाळायची हौस वाढतेय. २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात 'साइट्स'च्या यादीतल्या प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिचे नियम निघाले. पुण्या-मुंबईत कोणी असा प्राणी विकायला आणला, तर पहिला प्रश्न किमतीचा नको. आईबाप कुठले, कागद कुठे, हा हवा. उत्तर देताना विक्रेता चाचरला, तर तिथून निघायचं.

डॅम्पियरला हा प्राणी बघून किळस आली, आपल्याला प्रेम येतं. प्राण्याच्या बाजूनं पाहिलं, तर किळसेनं त्याचं फारसं काही बिघडवलं नव्हतं. आता तुमचे प्रश्न घेऊया.